‘पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९० टक्के’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा. जालना जिल्ह्यातल्या एका वडिलांच्या सहा वर्षांच्या मुलीला बी-सेल ए.एल.एल. झाला, म्हणजे लहान मुलांत सर्वांत जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर. स्टँडर्ड रिस्क, म्हणजे आजार परतण्याचा धोका कमी असलेला गट. पहिल्या महिन्याच्या केमोनंतर बोन मॅरो (हाडातला मगज) साफ, आणि शिल्लक राहिलेल्या कॅन्सर पेशी शोधणारी एम.आर.डी. तपासणी निगेटिव्ह. जड केमो संपून आता मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार परतू नये म्हणून दीर्घकाळ घ्यायच्या, गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, “फाइव्ह इयर सर्व्हायव्हल ८५ ते ९० टक्के.” मग मुलगी पाचच वर्षं जगणार का? इंटरनेटवर कुठे ९० टक्के, कुठे ६०, कुठे ३०. यातलं खरं कोणतं? रिपोर्ट नॉर्मल असताना आणखी दीड वर्ष गोळ्या कशाला, असं घरची मोठी माणसं विचारतात. पुढे शाळा, लग्न, मुलंबाळं यांचं काय? आणि धाकट्या मुलाचंही रक्त तपासून घ्यायचं का?

पहिल्या प्रश्नाने तुमची झोप उडाली असणार, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो: नाही. पाच वर्षं ही मुलीच्या आयुष्याची मुदत नाही, आम्हा कॅन्सरच्या डॉक्टरांच्या मोजमापाची आहे. निदान झालेल्या शंभर मुलांपैकी पाच वर्षांनी किती जण हयात आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. सोळाव्या किंवा साठाव्या वर्षाबद्दल तो काहीच बोलत नाही. खरं तर हे नीट बसून समजावून सांगायला हवं, पण ओपीडीबाहेर रांग असते, डॉक्टर एका वाक्यात बोलून पुढे जातात आणि ते वाक्य तुमच्याबरोबर घरी येतं.

पाचच वर्षं का मोजतात, याला कारण आहे. लहान मुलांचे बहुतेक कॅन्सर परत यायचे असतील तर लवकर येतात. बर्किट लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा कॅन्सर वर्षभरात परतला नाही तर सहसा परतत नाही. किडनीचा विल्म्स ट्यूमर परतायचा तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत. ए.एल.एल.चे बहुतांश रिलॅप्स, म्हणजे आजार परत येणं, उपचार चालू असताना किंवा ते थांबल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत होतात, त्यानंतर ते प्रमाण झपाट्याने उतरतं. निदानापासून पाच वर्षं रिलॅप्सशिवाय गेली तर तो आजार पुन्हा डोकं वर काढण्याची शक्यता शेकड्यात मोजक्याच मुलांची उरते. म्हणून ए.एल.एल.मध्ये पाच वर्षांचा आकडा आणि ‘बरी झाली’ यांत फार अंतर नसतं. नात्यातल्या कुणा मावशीचा स्तनाचा कॅन्सर बारा वर्षांनी परत आला, हे उदाहरण तुम्हाला कुणीतरी ऐकवलं असेलच. तो मोठ्यांचा आजार आहे, त्याची चाल वेगळी आहे. तो हिशेब इथे लावू नका. मुलांच्या सगळ्याच कॅन्सरना मात्र हा नियम लागू होत नाही. मेंदूतल्या मंद वाढणाऱ्या गाठी पाच वर्षांनंतरही हलू शकतात, हाडाच्या ऑस्टिओसार्कोमाची फुप्फुसातली गाठ उशिरा दिसू शकते. तिथे ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ म्हणायची घाई मी करत नाही.

दुसरी बारीक गोष्ट. डॉक्टर दोन वेगवेगळे आकडे सांगतात आणि पालकांना ते एकच वाटतात. एक आकडा नुसता हयात असलेल्या मुलांचा. दुसरा, आजार न परतता आणि दुसरी काही आपत्ती न येता राहिलेल्यांचा, ज्याला इव्हेंट फ्री सर्व्हायव्हल म्हणतात. पहिला नेहमी थोडा मोठा असतो, कारण रिलॅप्स होऊनही पुन्हा उपचार घेऊन वाचलेली मुलं त्यात धरलेली असतात. पुढच्या भेटीत दोन्ही विचारा. शिवाय तुम्हाला सांगितलेला आकडा निदानाच्या दिवसाचा होता. पहिला महिना, म्हणजे इंडक्शन, हा आपल्याकडे सर्वांत धोक्याचा टप्पा. पांढऱ्या पेशी शून्यावर आलेल्या असताना जंतुसंसर्गाने मुलं दगावतात ती बहुतेक तेव्हाच. तुमची मुलगी तो टप्पा ओलांडून आली आहे आणि एम.आर.डी.ही निगेटिव्ह आहे. तिचा आजचा आकडा त्या दिवशीच्या आकड्यापेक्षा चांगला आहे.

आता ९०, ६० आणि ३०. गंमत अशी की तिन्ही खरे आहेत. प्रत्येक आकड्यात कोणती मुलं मोजली आहेत ते पाहिलं की गोंधळ सुटतो.

९० टक्के हा श्रीमंत देशांतल्या ए.एल.एल.चा आकडा. १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने ब्लड कॅन्सरच्या मुलांत तात्पुरता उतार पडतो हे पहिल्यांदा दाखवलं. १६ मुलांपैकी १० जणांना गुण दिसला, पण काही आठवडे-महिन्यांतच आजार परतला. ज्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते औषध तयार झालं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. तुमची मुलगी मेंटेनन्समध्ये घेते ते मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातलं औषध आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शंभरात दहा मुलंही वाचत नव्हती. मग मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधं एकेक न देता एकत्र द्यायला सुरुवात केली. रक्तातून औषध पोचत नाही अशा मेंदू-मज्जारज्जूत पेशी लपून बसतात, हे ओळखून त्यांनी डोक्याला रेडिएशन आणि पाठीच्या कण्यात इंजेक्शन देणंही सुरू केलं. १९६७-६८ च्या त्यांच्या पाचव्या अभ्यासात जवळपास निम्मी मुलं कायमची बरी झाली. तिथून ९० पर्यंतचा प्रवास एखाद्या जादूच्या औषधाने झालेला नाही. तीच जुनी औषधं कुणाला किती, कधी आणि कोणत्या क्रमाने द्यायची, हे हजारो मुलांवरच्या एकामागून एक अभ्यासांतून शिकत शिकत तो झाला. पाठीतल्या इंजेक्शनांना मुलगी रडते तेव्हा तुम्हाला त्यांचा राग येत असेल. पण त्यांच्यामुळेच आज बहुतेक मुलांच्या डोक्याला रेडिएशन द्यावं लागत नाही. रेडिएशन पूर्ण वगळलेल्या सेंट ज्यूडच्या पंधराव्या अभ्यासात पाच वर्षांनी ९३ टक्क्यांहून अधिक मुलं हयात होती.

३० टक्क्यांचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीतून येतो. तो एकट्या ए.एल.एल.चा नाही, मुलांच्या सगळ्या कॅन्सरचा मिळून आहे. जगात दर वर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. २०१८ मध्ये संघटनेने ठरवलं की २०३० पर्यंत हा आकडा जगभर किमान ६० टक्के करायचा. इंटरनेटवरचा ६० बहुधा या उद्दिष्टाचा असावा, नाहीतर एखाद्या भारतीय रुग्णालयाचा.

भारतातल्या आकड्यांकडे मात्र जरा थांबून बघायला हवं. १९८४ पासून मुंबईचं टाटा मेमोरियल, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या इयन मॅग्रॅथ यांच्याबरोबर एम.सी.पी.-८४१ नावाची समान उपचारपद्धत वापरायला घेतली. त्याआधी ए.एल.एल.मध्ये आपल्याकडे पाचातलं एखादंच मूल वाचायचं. त्या पद्धतीने ते प्रमाण चाळीस-साठ टक्क्यांच्या घरात गेलं. आता आय.सी.आय.सी.एल.ई. या मुलांच्या ब्लड कॅन्सरवर एकत्र काम करणाऱ्या गटाचं भारतीय प्रोटोकॉल, म्हणजे ठरवून दिलेली उपचारपद्धत, अनेक केंद्रांत चालतं आणि तुमच्या मुलीसारख्या स्टँडर्ड रिस्क मुलांचे चांगल्या केंद्रातले निकाल ८० च्या पुढे जातात. तरी देशभरातले छापून आलेले आकडे साधारण ४५ ते ८० टक्के असे पसरलेले आहेत. औषधं तीच, आजार तोच, मग एवढा फरक का?

याचं एक कारण मोजणीतच आहे. उपचार अर्धवट सोडून गेलेली मुलं काही अभ्यासांत हिशेबातून वगळली जातात, तर काहींत ती दगावली असं धरलं जातं. दोन्ही ठिकाणचे डॉक्टर प्रामाणिक असतात, पण आकड्यांत मोठा फरक पडतो. म्हणून कुठल्याही रुग्णालयाचा आकडा ऐकलात की ‘सोडून गेलेल्यांचं काय केलं?’ असं विचारायची मला सवय लागली आहे. दुसरं कारण, रुग्णालयाच्या आकड्यात तिथवर पोचलेलीच मुलं असतात. ताप, फिकेपणा, अंगावर काळेनिळे डाग. गावात आधी टायफॉइड म्हणून, मग कावीळ म्हणून औषधं होतात, रक्त भरलं जातं आणि मूल निदानाविना जातं. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. शहरी नोंदण्यांच्या तुलनेत ग्रामीण नोंदण्यांत मुलांचे ब्लड कॅन्सर कमी दिसतात. खेड्यातली मुलं जास्त सुदृढ असतात म्हणून हे होत असेल, असं मला वाटत नाही. आणि भारतातल्या रुग्णालयांत मुलींपेक्षा मुलगे कितीतरी जास्त नोंदले जातात. जैविक फरक थोडा आहेच, पण एवढा नाही; बाकीच्या मुली घरीच राहतात. तुम्ही मुलीला जालन्याहून नेऊन सगळे जड टप्पे पार करवलेत. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, आकड्यांतला खरा फरक इथेच पडतो म्हणून सांगतो.

यातूनच माझं सगळ्यांत महत्त्वाचं म्हणणं निघतं. ९० आणि ६० यांच्यामधला बराचसा भाग महागड्या नव्या औषधांचा नाही. निदान उशिरा होणं, पहिल्या महिन्यातला जंतुसंसर्ग, कुपोषण आणि उपचार मधेच सुटणं, या चार गोष्टींचा तो आहे. पहिल्या तीन तुमच्या मागे पडल्या. चौथी अजून तुमच्या हातात आहे.

तेव्हा घरच्या मोठ्या माणसांना हे वाचून दाखवा. निदानाच्या वेळी मुलाच्या अंगात कॅन्सरच्या पेशी साधारण एक लाख कोटी असतात. पहिल्या महिन्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो साफ दिसला तरी हजार कोटीपर्यंत पेशी शिल्लक असू शकतात, कारण प्रमाण पाच टक्क्यांखाली आलं की कॅन्सरच्या पेशी नुसत्या नजरेने निरोगी पेशींतून वेगळ्या ओळखता येत नाहीत. एम.आर.डी. ही त्याहून कितीतरी तीक्ष्ण तपासणी. ती दहा हजारांत एक पेशी पकडते. ती निगेटिव्ह आली तरीही दहा कोटीपर्यंत पेशी नजरेआड असू शकतात. हरळी वरवर खुरपली तर रान आठवडाभर स्वच्छ दिसतं, हे जालन्याकडच्या माणसाला मी सांगायला नको. त्या उरलेल्या पेशी संथपणे, एकेक करून मारायला मेंटेनन्स असतं. ते आखूड करून पाहिलेल्या अभ्यासांत रिलॅप्स वाढले, म्हणून आम्ही एकूण दोन-अडीच वर्षं आग्रहाने धरतो. मर्कॅप्टोप्युरिनच्या गोळ्या ९५ टक्क्यांपेक्षा कमी नियमाने घेणाऱ्या मुलांत रिलॅप्सचा धोका दुपटीहून अधिक आढळला आहे. ९५ टक्के म्हणजे महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की तुम्ही त्या रेषेच्या खाली गेलात.

मेंटेनन्समधल्या काही गोष्टी इतक्या साध्या आहेत की कुणी बजावून सांगत नाही. मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. या दोहोंची अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज दिलं गेलं तर जिवावर बेततं. आठवड्याचा वार कॅलेंडरवर लाल पेनने लिहा आणि गोळ्या देण्याची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा. या काळात पांढऱ्या पेशी आम्ही मुद्दाम थोड्या खालीच ठेवतो. तालुक्याच्या ठिकाणी कुणी काउंट पाहून ‘फार कमी आहे, गोळ्या बंद करा’ म्हणालं, तर बंद करण्याआधी तुमच्या केंद्राला फोन करा. आशियाई मुलांत एन.यू.डी.टी.-१५ नावाच्या जनुकातल्या बदलामुळे काहींना मर्कॅप्टोप्युरिनचा छोटा डोसही जास्त होतो. अशा मुलांना डोस उतरवून द्यावा लागतो, गोळी बंद करायची नसते. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन देऊन रात्र काढू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर पुरळ उठायची वाट न पाहता कळवा. आणि ‘रक्त वाढवणारं’ म्हणून कुणी काढा किंवा पुडी दिली तर नम्रपणे नाही म्हणा. त्याने लिव्हर बिघडलं की आम्हाला आमच्याच गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि मग नुकसान दुहेरी.

खर्च आणि प्रवास यांपायी लोक मेंटेनन्स सोडतात हे मला माहीत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काम जड केमोच्या वेळी झालं असेलच, मेंटेनन्सच्या भेटींसाठी त्यात काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पुन्हा विचारा. एस.टी. आणि रेल्वे दोन्हींची कॅन्सर रुग्णांना सवलत आहे. मुंबईला राहायची वेळ आली तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून अशा कुटुंबांची मोफत सोय करतात. नाव तेच असलं तरी ही संस्था मेम्फिसच्या रुग्णालयाची शाखा नाही. भेटी लांबवाव्याच लागल्या तर निदान काउंट जालन्यात करून फोटो पाठवता येतात; गोळ्या मात्र तुटू देऊ नका.

इतर पालकही हे वाचतील, म्हणून दुसऱ्या आजारांबद्दल झटपट. हॉजकिन लिम्फोमा, विल्म्स ट्यूमर, डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा, जर्म सेल ट्यूमर यांत वेळेत आलेल्या मुलांचे निकाल ९० च्या आसपास किंवा वर असतात. रेटिनोब्लास्टोमात तर प्रश्न फक्त वेळेचा: मोबाइलच्या फ्लॅशच्या फोटोत एका बुबुळात पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. ए.एम.एल. या दुसऱ्या प्रकारच्या ब्लड कॅन्सरमध्ये सत्तरीच्या आतबाहेर. हाडाचे कॅन्सर एकाच जागी असतील तर ६५-७०, फुप्फुसात पसरलेले असतील तर २०-३०. मोठ्या मुलांच्या पसरलेल्या न्यूरोब्लास्टोमात अजूनही निम्म्याच्या आसपास आहोत. मेंदूच्या देठातल्या डी.आय.पी.जी. गाठीपुढे मात्र आम्ही जवळजवळ हात टेकलेलेच आहोत. बहुतेक मुलं वर्षभरही काढत नाहीत. त्या पालकांना टक्केवारी सांगण्यात अर्थ नसतो. वेदना, गिळणं, झोप यांचं नीट बघणारं पॅलिएटिव्ह पथक कुठे आहे, हे सांगण्यात असतो.

रिलॅप्सची भीती मनातून जात नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की तो टाळायला आणि झालाच तर त्यावर उपचारालाही आता दारं आहेत. ब्लिनाटुमोमॅब हे औषध स्टँडर्ड रिस्क मुलांच्या नेहमीच्या केमोला जोडल्यावर तीन वर्षं आजाराशिवाय राहिलेल्यांचं प्रमाण ८८ वरून ९६ टक्क्यांवर गेलं, असं २०२४ च्या शेवटी प्रसिद्ध झालं. मुंबईत आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याची, उपचारपद्धत ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली, मात्र ती मंजुरी १५ वर्षांपुढच्यांसाठी आहे. ब्लिनाटुमोमॅबची किंमत बघता ते आज तुमच्या प्रोटोकॉलमध्ये नसेल, आणि नाही म्हणून जमीन विकायला निघू नका. एम.आर.डी. निगेटिव्ह मुलीला नियमाने घेतलेल्या साध्या गोळ्यांनी जे मिळतं ते फार मोठं आहे.

आता पाच वर्षांपुढचं आयुष्य. पुष्कळ डॉक्टर हा विषय काढत नाहीत, कारण उपचार चालू असताना पालकांवर आणखी भार नको असं त्यांना वाटतं. मी उलट मताचा आहे.

अमेरिकेत १९७० ते १९८६ दरम्यान कॅन्सर झालेल्या मुलांचा मोठा पाठपुरावा १९९४ पासून सुरू आहे. त्यातली मुलं मोठी झाल्यावर दिसलं की निदानाला तीस वर्षं होईपर्यंत ७३ टक्क्यांना कुठला ना कुठला दीर्घकालीन त्रास जडला होता, आणि ४२ टक्क्यांचा त्रास गंभीर होता. हा आकडा इंटरनेटवर सापडला तर घाबरून जाल, म्हणून आधीच सांगतो. ती मुलं त्या काळच्या उपचारांची: डोक्याला रेडिएशन, छातीला रेडिएशन, जड डोस. शिवाय त्यांत सगळ्या प्रकारचे कॅन्सर आहेत. त्याच पाहणीत पुढे असंही दिसलं की पाच वर्षं पार केलेल्यांपैकी पुढच्या दहा वर्षांत दगावणाऱ्यांचं प्रमाण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मुलांत १०.७ टक्के होतं, ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मुलांत ५.८ वर आलं. उपचार सौम्य होत गेले त्याचं हे फळ. मला विचाराल तर गेल्या तीस वर्षांत आमच्या क्षेत्रातलं निम्मं काम मुलं वाचवण्याचं होतं आणि निम्मं वाचलेल्यांना कमी इजा करण्याचं.

तुमच्या मुलीपुरतं बोलायचं तर स्टँडर्ड रिस्क ए.एल.एल.च्या उपचारांचे दूरगामी परिणाम सगळ्यांत सौम्य गटात मोडतात. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध हृदयाच्या स्नायूला इजा करतं. एकूण डोस चौरस मीटरला २५० मिलिग्रॅमच्या वर गेला की धोका ठळक वाढतो. तिचा डोस बहुधा त्याच्या बराच खाली असेल. तरी दर काही वर्षांनी एको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा, आणि पुढे गरोदरपणाच्या आधी एकदा नक्की. स्टेरॉइडने खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा बिघडू शकतो, विशेषतः दहा वर्षांपुढच्या मुलांत. लंगडणं किंवा मांडीत दुखणं आठवडाभर टिकलं तर क्ष-किरणावर थांबू नका, एम.आर.आय. लागतो. व्हिनक्रिस्टिनने पावलं लोंबतात, ते बहुधा सुधारतं. पाठीतल्या मेथोट्रेक्सेटमुळे काही मुलांचं लक्ष टिकत नाही, गणितात आणि लिहिण्याच्या वेगात ती मागे पडतात. अशा मुलीला ‘आळशी’ म्हणू नका, शिक्षकांनाही म्हणू देऊ नका. तिला थोडा जादा वेळ मिळाला की काम होतं. उपचार संपल्यावर वजन झपाट्याने वाढतं. आजारातून उठलेल्या लेकराला तूप-साखर भरवण्याचा आजीचा मोह समजण्यासारखा आहे, पण आवरा.

लग्न आणि मुलं. स्टँडर्ड रिस्क उपचारातल्या सायक्लोफॉस्फामाइडच्या डोसाने बीजकोशांना सहसा कायमची इजा होत नाही. पाळी वेळेवर येते, बहुतेक मुलींना पुढे मुलं होतात. आणि आईने लहानपणी केमो घेतली म्हणून बाळाला व्यंग किंवा कॅन्सर होण्याचा धोका वाढत नाही. आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमासारखे मोजके आजार सोडून. लग्नाच्या वेळी आजार लपवायचा का, हे मला पालक खालच्या आवाजात विचारतात. माझं उत्तर एकच: निर्णय ती मोठी झाल्यावर तिचा, पण तो घेण्यासाठी तिला स्वतःला आपला आजार पूर्ण माहीत हवा. दहा-बारा वर्षांची झाली की तिला नाव घेऊन सांगा. ‘तुला लहानपणी जंतू झाला होता’ एवढंच ऐकलेली मुलगी पंचविसाव्या वर्षी डॉक्टरला काहीच सांगू शकत नाही, आणि मग नको त्या वेळी नको ती औषधं दिली जातात.

यासाठी उपचार संपतील त्या दिवशी एक कागद मागून घ्या: ट्रीटमेंट समरी. नेमकं निदान, प्रोटोकॉलचं नाव, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, रेडिएशन दिलं असेल तर कुठे आणि किती, उपचार थांबल्याची तारीख. फायलींचा गठ्ठा पुराच्या पाण्यात, घर बदलताना, वाळवीत जातो. हा एक कागद लॅमिनेट करा आणि त्याचा फोटो तीन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा. टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून एसीटी (आफ्टर कम्प्लीशन ऑफ ट्रीटमेंट) क्लिनिक चालतं, तिथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बरी झालेली, आता स्वतः आईबाप असलेली मंडळी तपासणीला येतात. इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा तर अशा बऱ्या झालेल्या तरुणांचाच गट आहे. तुम्हाला जमलं तर त्यांच्यापैकी कुणाशी बोला. तुमच्या मनातले निम्मे प्रश्न माझ्यापेक्षा ते चांगले सोडवतील.

शाळा? काउंट ठीक असतील तर मेंटेनन्समध्येच सुरू करा. तुम्ही आणि मुलगी दोघांनाही ती हवी आहे. चुकलेल्या लसी उपचार संपल्यावर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा सुरू होतात, वेळापत्रक केंद्रातून लिहून घ्या.

राहिला धाकटा. हा आजार संसर्गाचा नाही आणि घराण्यात चालत येणाराही नाही. भावंडांचा धोका इतर मुलांहून किंचित जास्त असला तरी तो इतका कमी आहे की त्यासाठी तपासणी करत नाहीत, आणि रक्त आधी तपासून तो कळतही नाही. एकसारखी दिसणारी जुळी मुलं हा अपवाद. तुमची तशी नाहीत. तेव्हा त्याला उगाच सुई टोचू नका. त्याच्या लसी मात्र वेळेवर पूर्ण करा, गोवर आणि कांजिण्यांची तर नक्की, म्हणजे धाकटा हे आजार घरात आणणार नाही. फक्त पोलिओ रविवारी त्याला बूथवर नेण्याआधी केंद्राला विचारा. तोंडावाटे दिलेल्या थेंबांतला जिवंत विषाणू काही आठवडे विष्ठेतून बाहेर पडतो, आणि बहिणीचे उपचार चालू असेपर्यंत त्याला इंजेक्शनची पोलिओ लस दिलेली बरी.